दख्खनच्या परसात सफरचंद

महाराष्ट्रात सफरचंद येते का, या प्रश्नाला आज दोन ठाम उत्तरे मिळतात. रोपे विकणारा सांगतो, पंचेचाळीस अंशांतही येते, लावा आणि तिसऱ्या वर्षी फळे तोडा. शेतीची पदवी घेतलेला शेजारी सांगतो, हे थंडीचे झाड आहे, जिथे बर्फ पडत नाही तिथे त्याच्या नादी लागू नये. मधल्या काळात नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर या भागांत काही शेतकऱ्यांनी सफरचंदाची लहान क्षेत्रे लावली, बंगल्यांच्या आवारात आणि गच्चीवरच्या पिंपांत एकेकटी झाडे आली, आणि लगडलेल्या फांदीचे फोटो मोबाईलवरून फिरू लागले. ते फोटो खरे असतात. त्याच झाडाला पुढच्या वर्षी मोजकीच फळे का आली, हे मात्र फोटोतून कळत नाही. म्हणून झाड, हवा, जात, मशागत आणि तोडणी असा हा सगळाच प्रश्न एकदा नीट मांडून पाहायला हवा.

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातल्या तिएन शान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२९ मध्ये अल्माटीच्या परिसरात गेले, तेव्हा शहराभोवतीच्या डोंगरांत रानटी सफरचंदांची जंगले पाहून त्यांनी ओळखले की या फळाचा उगम इथलाच. त्या मुलखात हिवाळा लांब आणि कडक. पाने गाळून झोपी जाणे हाच तिथे झाडाचा जगण्याचा उपाय. शिवाय हिवाळ्याच्या मध्यावर चार दिवस ऊन पडले म्हणून फसून फुलायचे नाही, नाहीतर पुढच्या हिमात सगळा मोहोर जळतो. त्यामुळे पुरेशी थंडी सोसून झाल्याशिवाय जागे व्हायचे नाही, अशी सोय झाडाच्या डोळ्यांतच झालेली आहे. ही गरज पुरी झाली नाही तर झाड मरत नाही. ते अर्धवट झोपेत राहते. शेंड्याकडचे दोन-चार डोळे फुटतात, खालची फांदी उघडी काठी राहते, फुले महिनाभर तुरळक येत राहतात आणि फळ धरत नाही. आपल्याकडे जुन्या हौशी लोकांनी काश्मीर-सिमल्याची रोपे आणून लावली, त्यांच्या नशिबी बहुतेक हेच आले.

ही थंडी मोजायची कशी, यावर शास्त्रज्ञांनी बराच काळ खल केला आहे. सर्वांत जुना आणि सोपा हिशेब म्हणजे ७.२ अंश सेल्सिअसखाली गेलेले तास मोजणे. अमेरिकेत वाइनबर्गर यांनी १९५० मध्ये पीचच्या झाडांसाठी तो वापरला. हिमाचलातल्या रेड डेलिशस, रॉयल डेलिशस या जातींना असे हजाराहून जास्त तास लागतात, असे सांगितले जाते ते याच मापाने. पुढे १९७४ मध्ये यूटा राज्यात नवा हिशेब आला. त्यात अडीच ते नऊ अंशांमधल्या तासाला पूर्ण गुण, गोठणबिंदूजवळच्या तासाला शून्य, आणि १६ अंशांवरच्या तासाला उणे गुण. हा हिशेब आपल्याकडे लावला तर निराशाच पदरी येते. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी दुपारी तो पंचवीसच्या वर जातो, म्हणजे रात्री मिळवलेले सगळे दुपारी गेले. १९८७ मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी तिसरा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे असे की थंडीने डोळ्यात आधी एक कच्चा पदार्थ तयार होतो, जो उन्हाने विरघळू शकतो, पण तो ठरावीक पातळीला पोहोचला की पक्का होतो आणि मग ऊन त्याला काही करू शकत नाही. उष्ण प्रदेशांत हाच हिशेब प्रत्यक्षाशी जास्त जुळतो. मात्र यांपैकी कोणत्याही मापाने पाहिले तरी दख्खनच्या पठारावर पारंपरिक जातींना पुरेल इतकी थंडी पडत नाही. महाबळेश्वरचीही तीच गत. स्ट्रॉबेरीला मानवणारी हवा सफरचंदाला मानवेलच असे नाही. स्ट्रॉबेरीचे रोप दरवर्षी नवे लावतात, झाडाला मात्र प्रत्येक हिवाळा स्वतः काढावा लागतो.

मग मार्ग दोन उरतात. थंडी कमी मागणारी जात लावायची, किंवा झाडाला गाढ झोपूच द्यायचे नाही. यशस्वी परसबागांत हे दोन्ही एकत्र केलेले दिसते.

जातींपासून सुरुवात करू. इस्रायलच्या ऐन शेमेर किबुत्झवर अब्बा स्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर गोल्डन डेलिशस आणि एक स्थानिक जात यांचा संकर करून ‘अ‍ॅना’ तयार केली. तिला दोन-तीनशे तासांची थंडी पुरते. त्याच सुमारास बहामा बेटांवरच्या नासाऊ शहरात एका बागेत आपोआप उगवलेले एक झाड फळाला आले. तिथे हिवाळा म्हणावा असा हिवाळाच नाही. ती जात म्हणजे ‘डॉर्सेट गोल्डन’. फ्लोरिडासारख्या उबदार राज्यात आजही याच दोन जाती जोडीने लावायला सांगतात. त्यांची फुले एका वेळी येतात आणि एकीचा पराग दुसरीला चालतो. अ‍ॅना लांबट, पिवळ्यावर लाल छटेची, डॉर्सेट गोल्डन पिवळी आणि गोड. दोन्हींचा दोष एकच, फळ टिकत नाही.

आपल्याकडे सर्वाधिक चर्चा आहे ती ‘एचआरएमएन-९९’ची. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला गावात हरिमन शर्मा या शेतकऱ्याच्या परसात, १९९८-९९च्या सुमारास, खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून रोपे उगवली. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम १,८०० फुटांवर, आंब्याच्या पट्ट्यातले. त्यांतले एक रोप टिकले आणि फळाला आले. शर्मांनी त्याच्या काड्या प्लमच्या झाडावर बांधून पाहिल्या, निवड पक्की केली आणि नंतर देशभर रोपे पोहोचवली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने अनेक राज्यांत या जातीच्या चाचण्या घडवून आणल्या, २०१७ मध्ये शर्मांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये पद्मश्री. एका शेतकऱ्याच्या चौकस नजरेतून एवढे मोठे काम उभे राहिले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण याच कथेतून लोक एक चुकीचा अर्थ काढतात, तो सांगायला हवा. बी पेरून सफरचंद करता येते, असे अनेकांना वाटू लागते आणि बाजारातल्या फळाच्या बिया कुंडीत पडतात. सफरचंदाचे फूल सहसा आपल्याच परागाने फळत नाही, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे दोन वेगळ्या झाडांचे अपत्य असते आणि ते आईसारखे निपजत नाही. बहुतेक बियांपासून आंबट-तुरट, बारीक फळांची झाडे होतात, तीही सहा ते दहा वर्षांनी. पनियालात घडले तो अपवाद होता, आणि तो ओळखणारा माणूस तिथे होता. घरच्या बागेसाठी कलमच घ्यावे.

दक्षिणेत सफरचंद अगदीच नवे आहे असेही नाही. कोडाईकनालच्या संशोधन केंद्राने ‘पार्लिन्स ब्युटी’ या जातीतून निवड करून ती पळणी डोंगरांसाठी दिली. बंगळूरमध्ये इंग्रजी अमदानीत लालबागेच्या प्रयत्नांनी बंगल्यांच्या आवारांत सफरचंदाची झाडे आली होती, ‘रोम ब्युटी’ ही त्यांतली मुख्य जात. कोडाईकनालला निदान उंचीची थंडी आहे. बंगळूरला तीही नाही, तरी फळे येत होती. इथून आपण दुसऱ्या मार्गाकडे वळतो, आणि माझ्या मते महाराष्ट्रासाठी खरी गोष्ट इथेच आहे.

जावा बेटावर मलंगजवळ बातू नावाचे शहर आहे. विषुववृत्ताच्या जवळ, उंची साधारण ८०० ते १,२०० मीटर, हिवाळा नावाचा ऋतूच नाही. डच लोकांनी तिथे सफरचंद आणले. तिथले शेतकरी हीच रोम ब्युटी लावतात आणि वर्षाला दोन पिके घेतात. फळे उतरवून झाली की काही आठवड्यांनी ते झाडाचे प्रत्येक पान हाताने खुडतात. उघड्या फांद्या वाकवून बांधतात. महिनाभरात झाड फुलते. यामागचे कारण असे: फुलाचा डोळा तयार झाल्यावर आधी काही काळ त्याला पानांकडून येणाऱ्या संदेशांनी रोखून धरलेले असते, गाढ झोप त्यानंतर लागते. ती लागण्याच्या आत पाने काढली तर रोखणारा जातो आणि डोळा फुटतो. थंडीची गरज गाढ झोपेतून उठण्यासाठी असते. झोपच लागली नाही तर थंडी कशाला?

हे वाचताना सोलापूर-सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराला नवल वाटणार नाही. बाग ताणावर सोडायची, पाणी तोडायचे, पानगळ करायची, छाटणी घ्यायची आणि मग खत-पाणी देऊन बहार धरायचा, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करतो. आंबे, मृग, हस्त यांपैकी कोणता बहार धरायचा, हे तो पाणी आणि बाजार पाहून ठरवतो. नाशिकच्या द्राक्षाचा दाखला तर याहून जवळचा आहे. द्राक्षवेल ही मुळात थंड हिवाळ्याची, पाने गाळणारी वेल. आपल्याकडे ती एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांवर चालते, तिला झोप मिळतच नाही, आणि तरी जगाच्या बाजारात जाणारे द्राक्ष तिथे पिकते. थंड देशातल्या झाडाला आपल्या हवेत वागायला शिकवण्याची विद्या महाराष्ट्राकडे आहे. सफरचंदाबाबत ती अजून कोणी नीट लावून पाहिलेली नाही, एवढेच. आपल्या कृषी विद्यापीठांनी पानगळीची वेळ, ताणाचे दिवस आणि जात यांच्या पद्धतशीर चाचण्या घेऊन निष्कर्ष मराठीत लोकांपुढे ठेवले, तर रोपवाटिकांच्या जाहिरातींना आपोआप लगाम बसेल.

तोवर परसातल्या एक-दोन झाडांसाठी ढोबळ क्रम असा ठेवावा. पावसाळा संपला की नत्राचे खत बंद करावे, म्हणजे कोवळी फूट थांबते. नोव्हेंबरअखेरीस पाणी कमी करत न्यावे, झाड कोमेजणार नाही इतकेच द्यावे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, तोवर पाने राहिली असतील तर, ती कात्रीने देठ ठेवून कापावीत. ओरबाडल्यास देठाच्या बगलेतला डोळाच तुटतो. याच वेळी सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सरळ वर गेलेल्या फांद्या काढाव्यात. उरलेल्या फांद्या सुतळीने आडव्या ओढून बांधाव्यात. उभी फांदी वाढीकडे जाते, आडवी फांदी फुलांकडे. आठवडाभराने भरपूर पाणी आणि कुजलेले शेणखत द्यावे. फेब्रुवारीत गुलाबी कळ्या दिसायला हव्यात. द्राक्षबागेत डोळे फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाइड, म्हणजे बोलीतले डॉर्मेक्स, घरच्या बागेत आणू नये. ते विषारी आहे, त्याच्या संपर्कानंतर दारू पोटात गेल्यास माणूस गंभीर आजारी पडतो, आणि लहान मुले जिथे खेळतात तिथे त्याचे काम नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात पण जोर देऊन सांगतो, कारण झाडे मरतात ती बहुतेक इथे. काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि सफरचंदाच्या बुंध्याला कूज लागते. अशा जागी खड्डा खोल करण्यापेक्षा उंच वरंबा किंवा वाफा करून मुरूम, माती आणि शेणखत मिसळून त्यावर झाड लावावे. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटे तरी राहिलाच पाहिजे, तो गाडला गेला की वरच्या जातीला मुळे फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. खुंट कोणता, हे रोप घेताना विचारावे. विक्रेत्याला सांगता आले नाही तर दुसरीकडे जावे. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधनातून आलेल्या खुंटांपैकी एमएम-१११ हा पाण्याचा ताण सोसतो आणि लोकरी माव्याला सहज बळी पडत नाही, म्हणून पठारावरच्या बागेला तो बरा. एमएम-१०६ चांगला वाढतो पण ओलसर जमिनीत बुंधा कुजतो. एम-९ फार ठेंगू, त्याला कायमचा आधार लागतो, गच्चीवरच्या पिंपासाठी त्याचा विचार करावा. कोकणात मात्र मी कोणाला सफरचंद लावायला सांगणार नाही. चार महिने संततधार, दमट उष्णता आणि रोगाने गळणारी पाने, यांत झाडाचे हालच होतात. त्या जागी एखादे जास्तीचे जांभूळ किंवा कोकम लावलेले कधीही उत्तम.

पठारावर खरा शत्रू वैशाखातले ऊन. थंड देशांत सफरचंद ऊब मिळावी म्हणून भिंतीला चिकटवून वाढवतात. आपल्याकडे तापणाऱ्या भिंतीपासून ते दूर हवे. दुपारनंतर शेवगा किंवा हादगा यांची विरळ सावली पडली तर सोन्याहून पिवळे. फळाच्या सालीचे तापमान ४६ अंशांपलीकडे गेले की उन्हाच्या बाजूला तपकिरी डाग पडतात, आणि ५२च्या आसपास साल मरते. हवेत ४० अंश असताना थेट उन्हातले फळ सहज तिथे पोहोचते. विदर्भात सावलीच्या जाळीशिवाय हे झाड लावूच नये. खोडाला चुना लावावा, बुंध्याशी उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन ठेवावे.

फुले येऊनही फळे न धरण्याचे कारण बहुधा परागाचे असते. एचआरएमएन-९९ला दुसऱ्या झाडाची गरज नाही असे तिचे प्रवर्तक सांगतात. तरीही जागा असेल तर सोबत अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डन लावावे, फळधारणा सुधारते. सफरचंदाचा झुबका पाच-सहा फुलांचा, त्यातले मधले फूल आधी उमलते आणि सर्वांत चांगले फळ त्याचेच होते. फळात पाच कप्पे आणि बहुतेक दहापर्यंत बिया. कप्पे नीट भरले नाहीत तर फळ एका बाजूने खुरटते. वाकडे सफरचंद कापून पाहिले की ज्या बाजूला बी नाही, तीच बाजू बसलेली दिसते. सातेरी मधमाश्या येत असतील तर काही करावे लागत नाही. हिमाचलात बागायतदार फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणतात. घरच्या दोन झाडांसाठी सकाळी मऊ कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलांवर फिरवला तरी पुरे.

यानंतरचे काम हौशी माणसाला सर्वांत जड जाते, ते म्हणजे विरळणी. फळे बोराएवढी झाली की झुबक्यात एकच ठेवायचे आणि दोन फळांत वीतभर अंतर राखायचे. पहिली दोन वर्षे तर सगळीच काढायची. इतकी वाट पाहून आलेली फळे तोडून टाकायला हात धजत नाही हे मान्य, पण इथे मन घट्ट करावे. याचे कारण आकारापुरते नाही. वाढत्या फळातल्या बियांतून पाझरणारी संप्रेरके शेजारच्या डोळ्याला पुढच्या वर्षीचे फूल बनू देत नाहीत. म्हणजे यंदा झाड ओझ्याने वाकू दिले की पुढच्या वर्षी ते रिकामे. मोबाईलवर फिरणाऱ्या लगडलेल्या फांदीचे पुढे काय झाले, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच आहे.

किडी-रोगांची यादी मोठी आहे, पण घरच्या बागेत सगळे एकदम येत नाही. काश्मीर-हिमाचलला छळणारा खपल्या रोग थंड, ओल्या वसंतात फोफावतो, आपल्या कोरड्या फाल्गुन-चैत्रात त्याला वाव कमी. इथे भुरी, पिठ्या ढेकूण, खवले कीड, कोळी आणि खोडकिडा यांच्यावर नजर ठेवावी. पावसाळ्यात पानांवर काळपट डाग पडून पाने गळतात. गळलेली पाने गोळा करून काढून टाकणे हा पहिला उपाय, फवारणी नंतर. अशा पानगळीनंतर काही झाडे ऑक्टोबरातच फुलतात, ती फुले खुडावीत म्हणजे झाडाची शक्ती फेब्रुवारीसाठी राहते. फळे भरू लागली की पोपट, बुलबुल आणि रात्री वटवाघळे येतात. कागदी किंवा कापडी पिशवी फळाला बांधली तर पाखरे आणि ऊन दोन्हींपासून बचाव होतो.

आता तोडणी. या प्रश्नावर मराठीत सर्वांत कमी लिहिले जाते, आणि वर्षभर राबून वाढवलेले फळ खराब होते ते इथेच. आपल्या डोळ्यांना सफरचंद म्हणजे लाल, ही सवय बाजाराने लावली आहे. तो लाल रंग थंड रात्रींनी येतो. मे-जूनच्या उकाड्यात आपल्या झाडावरचे फळ कधीच सिमल्यासारखे लाल होणार नाही, आणि लाल व्हायची वाट पाहिली तर ते झाडावरच पिठूळ होते. पाहायचा तो लालीमागचा मूळ रंग, विशेषतः देठाजवळच्या खळग्यातला. तो गर्द हिरव्यावरून फिकट पिवळसर झाला की फळ तयार होत आले. फुलोऱ्यापासून तिथपर्यंत साधारण चार महिने जातात, म्हणजे फेब्रुवारीची फुले जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. एक फळ कापून बिया पाहाव्यात. पांढऱ्या असतील तर थांबावे, तपकिरी असतील तर वेळ आली.

याहून पक्की परीक्षा आयोडीनची, बागायतदारही हीच वापरतात. कच्च्या सफरचंदात पिष्ट भरलेले असते आणि पिकताना त्याची साखर होते, गाभ्याकडून सालीकडे. फळ आडवे कापून त्यावर आयोडीनचे पातळ द्रावण लावले की पिष्ट असेल तिथे निळे-काळे होते. सगळा काप काळा झाला तर फळ कच्चे. मधला भाग पांढरा राहून कडेला काळे कडे उमटले तर ते तोडून काही आठवडे शीतकपाटात राहील असे. जवळजवळ काहीच काळे झाले नाही तर आजच खावे. चाचणीचा काप अर्थातच टाकून द्यावा. एका फळाच्या मोबदल्यात बाकीच्या सगळ्यांची वेळ कळते, आणि लहान मुलांना हा प्रयोग दाखवावा इतका तो सुंदर आहे.

फळ ओढू नये. तळहातात धरून किंचित वर उचलावे आणि हलकेच पिरगाळावे. तयार फळ देठासकट सुटून हातात येते, येत नसेल तर त्याला चार दिवस द्यावेत. ओढले की ज्या आखूड फांदीवर ते लागले होते ती मोडते, आणि पुढच्या वर्षीचे फूल त्याच फांदीवर येणार असते. तोडणी सकाळच्या गारव्यात करावी. सगळे झाड एका दिवसात उतरवू नये. वरची, बाहेरची, ऊन मिळालेली फळे आधी पिकतात, आतली आठ-दहा दिवसांनी. सफरचंद तोडल्यावरही पिकत राहते आणि स्वतः इथिलीन वायू सोडते, त्याने शेजारची फळेही पिकतात. म्हणून डागी किंवा पाखरांनी टोचलेले फळ चांगल्यांत ठेवू नये, ते आधी खावे किंवा त्याचा मुरंबा करावा. बाकीची फळे छिद्रे असलेल्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन यांच्याकडून महिनाभराहून फार जास्तीची अपेक्षा धरू नये. खोलीतल्या उकाड्यात तर आठवड्यात त्यांचा गर भुसभुशीत होतो.

हेच कारण घेऊन एकराने लावण्याच्या प्रश्नाकडे येऊ. जूनमध्ये बाजारात ताजे भारतीय सफरचंद नसते, काश्मीरचा माल ऑगस्टनंतर येतो, त्यामुळे दर मिळेल, असा युक्तिवाद रोपे विकताना केला जातो. पहिला भाग खरा आहे. पण त्या वेळी बाजार रिकामा नसतो. नियंत्रित हवेच्या शीतगृहांतला हिमाचल-काश्मीरचा माल आणि परदेशी फळ तिथे हजर असते, एकसारख्या आकाराचे, लाल आणि टणक. आपले फळ लहान-मोठे, पिवळसर आणि लवकर मऊ होणारे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ते बांधावर विकता येईल, लांबच्या बाजार समितीत ते टिकणार नाही. कर्ज काढून सफरचंदाची बाग लावणे मला आज धोक्याचे वाटते. ज्याला करायचेच असेल त्याने दहा-वीस झाडांवर चार हंगाम काढावेत आणि मग हिशेब मांडावा.

तिकडे हिमाचलात वारे उलटे वाहत आहेत. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ मध्ये कोटगढला रेड डेलिशसची रोपे लावली आणि त्या डोंगरांचे अर्थकारण बदलले. आज हिवाळे उबदार होत आहेत, बर्फ कमी पडतो आहे, आणि सफरचंदाचा पट्टा वर लाहौल-स्पितीकडे सरकतो आहे. कुलूच्या खालच्या खोऱ्यात पुरेशी थंडी मिळेनाशी झाली तेव्हा तिथल्या बागायतदारांनी डाळिंबाकडे मोर्चा वळवला, आणि त्यांत आपली भगवा जातही आहे. बिलासपूरचे सफरचंद सोलापुरात आणि सोलापूरचे डाळिंब कुलूत, अशी ही अदलाबदल चालू आहे. थंडी कमी मागणाऱ्या जातींचे काम म्हणूनच केवळ हौसेचे राहिलेले नाही. उद्या हिमाचललाही त्याची गरज पडणार आहे, आणि उष्ण प्रदेशांतल्या परसबागांत जमणारा अनुभव त्यांना उपयोगी पडेल.

ज्यांच्या दारी जागा, सकाळचे ऊन आणि पाण्याचा निचरा आहे, त्यांनी या डिसेंबर-जानेवारीत दोन कलमे जरूर लावावीत, एक एचआरएमएन-९९ आणि एक अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डन. सोबत एक वही ठेवा. पाणी कधी तोडले, पाने कधी काढली, पहिले फूल कधी आले, किती फळे ठेवली, कोणत्या तारखेला तोडली आणि चवीला कशी लागली, हे गावाच्या नावासह लिहा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा.